काँक्रीटमधले तडे संगणकावर: दांड्यांच्या जाळीचं मॉडेल कसं बांधायचं

काँक्रीटचा तुटलेला तुकडा जवळून पाहिला, तर तडा खड्यांना वळसे घालत गेलेला दिसतो. खडी हलकी असेल किंवा काँक्रीट उच्च ताकदीचं असेल, तर तोच तडा खड्यांमधून आरपार जातो. हा फरक संगणकावर आपोआप उमटायला हवा असेल, तर साऱ्या नमुन्याला एकच ताकद देऊन चालत नाही. खडी, मॉर्टर (सिमेंट आणि वाळूचं मिश्रण) आणि त्या दोघांमधली कमकुवत सीमा मॉडेलमध्ये वेगवेगळी दिसली पाहिजे. तोडण्याचा नियम मग अगदी साधा ठेवला तरी चालतो. वळणं, फाटे आणि तड्यावरचे पूल, म्हणजे तड्याच्या दोन बाजूंना जोडून ठेवणारे न तुटलेले भाग, त्या विषमतेतूनच तयार होतात.

१९७६ मध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी तड्याच्या टोकापुढे हळूहळू ढिला होणारा पट्टा मांडला, आणि १९८३ मध्ये बाझांत आणि ओ यांनी तडा ठरावीक रुंदीच्या पट्ट्यात पसरवून मोजायची पद्धत दिली. पूर्ण इमारतीच्या किंवा धरणाच्या आकाराच्या गणितासाठी आजही याच पद्धती योग्य आहेत. पण त्यांत काँक्रीट एकजिनसी असतं. तडा कुठून सुरू होतो आणि कसा वळतो हे पाहायचं असेल, तर दांड्यांची जाळी जास्त सोयीची. घन पदार्थाऐवजी दांड्यांची चौकट घेण्याची कल्पना ह्रेनिकॉफ यांनी १९४१ मध्ये मांडली होती. १९८९ मध्ये हेरमान, हान्सेन आणि रू यांनी ती विस्कळीत पदार्थांच्या तुटण्यासाठी वापरली, आणि नंतर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये श्लांगेन आणि फान मीर यांनी ती काँक्रीटसाठी घडवली. खाली तीच पद्धत द्विमितीय रूपात दिली आहे.

उदाहरण म्हणून १०० × १०० मिमीचा नमुना, सर्वांत मोठा खडा १६ मिमीचा. सगळीकडे न्यूटन, मिमी आणि मेगापास्कल हीच एककं ठेवा. मध्येच कुठे मीटर शिरला तर उत्तर हजारपटींनी चुकतं, आणि तड्याचं चित्र मात्र तसंच दिसत राहतं. त्यामुळे ही चूक सहज सापडत नाही.

जाळी

समभुज त्रिकोणांची नियमित जाळी हा सुरुवातीसाठी सर्वांत सोपा पर्याय. प्रत्येक दांडी दोन्ही टोकांना पक्की जोडलेली, प्रत्येक नोडला, म्हणजे दांड्यांच्या जोडबिंदूला, तीन अज्ञात: दोन सरकणं आणि एक फिरणं. दांडीची लांबी, तुम्ही खडा म्हणून दाखवणार त्या सर्वांत लहान दाण्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. ४ मिमीपर्यंतचे दाणे दाखवायचे असतील तर १ मिमी लांबी चांगली. एवढ्या नमुन्यात साधारण ११,५०० नोड, ३४,५०० दांड्या आणि तितकेच अज्ञात येतात. साध्या लॅपटॉपला हे झेपतं.

आता दांडीची उंची. इथे बरेच जण अंदाजाने आकडा टाकतात आणि पुढे सगळंच बिघडतं. दांडीच्या उंचीचं लांबीशी असलेलं गुणोत्तर थेट पॉयसन गुणोत्तर (ओढल्यावर पदार्थ आडव्या दिशेने किती आकसतो ते) ठरवतं. उंची-लांबीच्या गुणोत्तराच्या वर्गाला क म्हणा. साध्या, म्हणजे शिअरची (थर एकमेकांवर सरकण्याची) विकृती न धरलेल्या दांड्यांच्या त्रिकोणी जाळीत पॉयसन गुणोत्तर = (१ − क) ÷ (३ + क). काँक्रीटला ०.२ हवं, म्हणून क = १/३ आणि उंची = ०.५७७ × लांबी. उंची शून्याकडे नेली की पॉयसन गुणोत्तर १/३ वर जाऊन थांबतं. नुसत्या ताण-दाबाच्या दांड्यांच्या जाळीला याच कारणाने काँक्रीटचं वागणं नीट जमत नाही.

याच उंचीला जाळीचा एकूण यंग मॉड्युलस (कडकपणाचं माप) दांडीच्या मॉड्युलसच्या ०.८ पट येतो. मॉर्टर २५ गिगापास्कलचं हवं असेल तर दांडीला ३१.२५ गिगापास्कल द्या. हा १.२५ चा गुणक सगळ्या घटकांना सारखाच लावा.

नियमित जाळीचा एक दोष आधीच माहीत असावा: तिला दिशा असते. वरच्याच जाळीत नमुना एखाद्या दांडीच्या दिशेने ओढला, तर त्या दांड्यांतला स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं बल) बाहेरच्या स्ट्रेसच्या १.२५ पट होतो. त्याच जाळीला काटकोनात ओढलं, तर सर्वाधिक ताणलेल्या दांड्यांत फक्त ०.८७५ पट. म्हणजे पदार्थ तोच, पण पहिली दांडी तुटण्याचा भार दिशेनुसार ३० टक्क्यांनी बदलतो. शिवाय तडे जाळीच्या रेषांना धरून धावतात. खडीची विषमता हा पक्षपात बराच झाकते, पण पुरता पुसत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे अनियमित जाळी. क्षेत्रावर चौकोनी घरं आखा, प्रत्येक घरात एक बिंदू यादृच्छिकपणे टाका, त्यांचं डेलॉने त्रिकोणीकरण (शेजारचे बिंदू जोडून त्रिकोण करण्याची पद्धत) करा आणि त्रिकोणांच्या कडांवर दांड्या ठेवा. प्रत्येक दांडीची रुंदी तिला छेदणाऱ्या व्होरोनॉय कडेच्या, म्हणजे दोन शेजारी बिंदूंच्या क्षेत्रांमधल्या सीमेच्या, लांबीवरून घ्या. सगळ्या दांड्यांना सारखाच छेद दिला, तर एकजिनसी नमुन्यातही स्ट्रेस जागोजागी वेगळा येतो आणि तडे कुठून सुरू व्हायचे ते खडीऐवजी जाळीच ठरवते. व्होरोनॉय मोजमापाने, लांबीच्या आणि आडव्या दिशेचा कडकपणा सारखा ठेवला, तर ही विषमता जाते, पण पॉयसन गुणोत्तर शून्य होतं. दोन्ही एकाच वेळी सहज मिळत नाही. नुसत्या ताणाच्या चाचण्यांत हा तोटा सोसता येतो. पहिल्यांदाच करत असाल तर नियमित जाळीवर सगळं चालवून बघा, मग अनियमितकडे वळा.

खडी टाकणे

दाण्यांच्या आकारांसाठी फुलरचा वक्र पुरेसा आहे: ठरावीक आकारापेक्षा लहान दाण्यांचा वाटा हा त्या आकाराला सर्वांत मोठ्या आकाराने भागून येणाऱ्या संख्येचं वर्गमूळ. सर्वांत मोठा १६ मिमी असताना ८ मिमीखाली ७०.७ टक्के आणि ४ मिमीखाली ५० टक्के खडी येते. काँक्रीटच्या आकारमानात खडी ७५ टक्के धरली, तर ८ ते १६ मिमीच्या दाण्यांचा वाटा सुमारे २२ टक्के आणि ४ ते ८ मिमीच्या दाण्यांचा १५.५ टक्के. १०,००० चौरस मिमीच्या छेदात हे अनुक्रमे २,२०० आणि १,५५० चौरस मिमी होतात. उरलेली अर्धी खडी, म्हणजे ४ मिमीखालचे दाणे, मॉर्टरमध्येच मिसळलेली समजायची.

इथे एक बारकावा आहे. सपाट छेद प्रत्येक खड्याच्या मधोमध जात नाही, म्हणून छेदातली वर्तुळं खऱ्या खड्यांपेक्षा लहान दिसतात. वाल्राफेन यांनी १९८० मध्ये फुलरच्या वक्रावरून छेदातल्या वर्तुळांची विभागणी काढायचं सूत्र दिलं. द्विमितीय मॉडेलसाठी तेच वापरा. थेट फुलरचा वक्र घेतला तर मोठी वर्तुळं जास्त होतात आणि त्यांच्यामधून तड्याला मिळणाऱ्या वाटा कमी होतात.

टाकताना मोठ्यापासून सुरुवात करा. यादृच्छिक जागा निवडा, आधीच्या कोणत्याही खड्याशी अंतर पुरेसं आहे का तपासा, नसेल तर दुसरी जागा. दोन केंद्रांतलं अंतर दोन्ही व्यासांच्या सरासरीच्या किमान १.१ पट ठेवा. लहान आधी टाकले तर मोठ्यांना जागाच उरत नाही आणि प्रोग्राम फिरत राहतो. प्रयत्नांची मर्यादा घाला, आणि ती ओलांडली की पूर्ण मांडणी पुसून नव्याने सुरू करा. अर्धवट भरलेला नमुना पुढे नेऊ नका, त्यातली खडी कमी भरलेली असते. यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या संख्येपासून प्रोग्राम ते आकडे तयार करतो ती) प्रत्येक निकालासोबत जपून ठेवा.

मग जाळीवर खड्यांचं चित्र ठेवा. दोन्ही टोकं एकाच खड्यात असतील तर ती खडीची दांडी, दोन्ही मॉर्टरमध्ये असतील तर मॉर्टरची, एक टोक खड्यात आणि एक बाहेर असेल तर सीमेची. दोन टोकं दोन वेगवेगळ्या खड्यांत पडली तर तीही सीमेचीच समजा, नाहीतर दोन खडे एकमेकांना चिकटून एक होतात. प्रत्येक प्रकारच्या दांड्या किती झाल्या ते मोजा. लांबी जास्त असेल तर सीमेच्या दांड्यांचा वाटा फुगतो, त्यांच्या साखळ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जुळतात आणि सगळा नमुना खोटाच कमकुवत होतो.

आकडे

डेल्फ्टच्या कामात वापरलेली ताणातली ताकद चांगली सुरुवात देते: खडी १० मेगापास्कल, मॉर्टर ५, सीमा १.२५. मॉड्युलस खडीला ७० गिगापास्कल, मॉर्टर आणि सीमेला २५. यात ताकदींचं परस्पर गुणोत्तर जास्त महत्त्वाचं आहे. सगळ्या ताकदी एकत्र दुप्पट केल्या तर तड्याचा मार्ग तोच राहतो, फक्त भार दुप्पट होतो. म्हणून आधी गुणोत्तरावरून तड्याचं रूप जमवा, आणि मग सगळ्यांना एकाच संख्येने गुणून कमाल भार प्रयोगाशी जुळवा.

खरा सीमेचा थर २० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा असतो, तर तुमची सीमेची दांडी १ मिमीची आहे. त्या दांडीत थोडी खडी, तो पातळ थर आणि थोडं मॉर्टर, सगळं आलं. तेव्हा १.२५ हा आकडा त्या पूर्ण मिलिमीटरचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली थराची ताकद थेट इथे टाकू नका. लांबी बदलली की हा आकडाही पुन्हा ठरवावा लागतो.

तोडण्याचं चक्र

पद्धतीचा गाभा इथे आहे. एका वेळी फक्त एक दांडी तोडायची, आणि प्रत्येक वेळी पूर्ण रेषीय गणित नव्याने करायचं.

१. भार लावणाऱ्या नोडना १ मिमी सरकवा आणि सगळी सरकणं सोडवा.

२. प्रत्येक दांडीतला स्ट्रेस काढा: अक्षीय बल भागिले छेदाचं क्षेत्रफळ, अधिक अल्फा गुणिले टोकांच्या मोमेंटपैकी मोठ्याचं निरपेक्ष मूल्य भागिले छेदाचा मॉड्युलस, म्हणजे जाडी गुणिले उंचीचा वर्ग भागिले सहा. अल्फा छोटा असतो. डेल्फ्टच्या कामात तो ०.००५ होता. तो वाढवला की वाकण्याने दांड्या तुटू लागतात आणि तुटण्याचा क्रम बदलतो.

३. स्ट्रेस ताणाचा असलेल्या दांड्यांत ताकद भागिले स्ट्रेस हे सर्वांत कमी कुठे आहे ते शोधा. ती संख्या म्हणजे भाराचा गुणक. तिने प्रतिक्रिया (आधारांवरची बलं) आणि सरकणं गुणून भार विरुद्ध सरकणं या आलेखावर एक बिंदू मिळतो.

४. ती दांडी काढून टाका. तिचा क्रमांक, प्रकार, गुणक आणि पायरी नोंदवा.

५. पुन्हा पहिल्यापासून. भार कमाल भाराच्या ५ ते १० टक्क्यांवर आला की थांबा.

वेळ वाचवायला एका पायरीत दहा-वीस दांड्या तोडण्याचा मोह होतो. तो टाळा. एक दांडी तुटली की शेजारच्यांवरचा ताण वाढतो आणि थोड्या दूरच्यांवरचा कमी होतो. एकदम दहा तोडल्या तर त्यांतल्या काही प्रत्यक्षात कधीच तुटल्या नसत्या, आणि बारीक तडा जाडजूड पट्टा होऊन बसतो.

वेळ वाचवायची खरी जागा सोडवण्याच्या पायरीत आहे. द्विमितीमध्ये एक दांडी काढल्याने स्टिफनेस मॅट्रिक्समध्ये (बल आणि सरकणं जोडणाऱ्या समीकरणांच्या तक्त्यात) फक्त रँक ३ चा, म्हणजे छोटासा, बदल होतो, पूर्ण मॅट्रिक्स नव्याने फोडायची गरज नसते. कोलमॉडसारख्या लायब्ररीत चोलेस्की विभाजनातून असा बदल थेट वजा करता येतो. पुनरावर्ती पद्धत वापरत असाल तर आधीच्या पायरीचं उत्तर सुरुवात म्हणून द्या आणि सापेक्ष चूक १०⁻⁶ च्या खाली आणा. ढिल्या अचूकतेने पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या दांडीची अदलाबदल होते. तिथून पुढचा सगळा तडा वेगळ्या वाटेने जातो.

दांड्या तुटत गेल्या की काही नोड किंवा पूर्ण खडे सुटे होतात आणि मॅट्रिक्स सिंग्युलर होतं, म्हणजे समीकरणं सुटत नाहीत. दर पायरीला, तुटलेल्या दांडीच्या दोन टोकांपासून शेजार तपासत जा; आधाराशी किंवा भाराशी न जोडलेला तुकडा सापडला तर त्याचे नोड गणितातून वगळा. तुटलेल्या दांडीत नाममात्र कडकपणा ठेवायचा दुसरा मार्ग आहे. तो सोपा पडतो, पण शेवटच्या टप्प्यात त्या नाममात्र दांड्याच भार वाहू लागतात आणि आलेखाची शेपटी खोटी लांबते.

तोडण्याआधी तपासणी

खडीशिवायचा नमुना घ्या, एकाही दांडीला तुटू देऊ नका, ओढा, आणि मॉड्युलस व पॉयसन गुणोत्तर मोजा. २५ गिगापास्कल आणि ०.२ यांच्या जवळ आलंच पाहिजे. थोडं जास्त आलं तर काठाच्या दांड्या पाहा: काठावरच्या दांडीच्या वाट्याला पदार्थाचा अर्धाच पट्टा येतो, म्हणून तिचा कडकपणाही निम्मा हवा. ही तपासणी पार होईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण लवचीक टप्प्यातली चूक तुटण्याच्या टप्प्यात ओळखूच येत नाही.

एकजिनसी नमुना तोडून बघण्यात मात्र अर्थ नाही. शेकडो दांड्यांत अगदी सारखा स्ट्रेस असतो आणि कोणती आधी तुटेल ते राउंडिंगची चूक ठरवते.

आधार आणि भार

तीन बिंदूंवर वाकवायच्या, खाच असलेल्या बीममध्ये पूर्ण बीम बारीक जाळीचा करायची गरज नाही. खाचेच्या वर, तडा जाणार त्या भागात बारीक जाळी आणि खडी, बाकी भरड आणि एकजिनसी. बारीक भागाची रुंदी सर्वांत मोठ्या खड्याच्या तिप्पट तरी असावी. तडा त्या भागाच्या काठाला टेकला तर रुंदी वाढवून पुन्हा चालवा. भाराखालच्या आणि आधारावरच्या दांड्या अतूट ठेवा, नाहीतर पहिले शंभर तुकडे तिथेच पडतील आणि खाचेला काहीच होणार नाही.

थेट ताणाच्या चाचणीत टोकाच्या पट्ट्या फिरू शकतात की नाही हे प्रयोगाप्रमाणेच ठेवा. फिरणाऱ्या पट्ट्यांत तडा एका बाजूने निघून पलीकडे जातो. पक्क्या पट्ट्यांत एका बाजूचा तडा अडतो, दुसऱ्या बाजूनेही सुरू होतो, आणि आलेखाच्या उताराला उंचवटा येतो. पदार्थ तोच असूनही फ्रॅक्चर एनर्जी (दर क्षेत्रफळाचा तडा पाडायला लागणारी ऊर्जा) वेगळी मोजली जाते.

निकाल वाचताना

आलेखातले बिंदू पुढे-मागे उड्या मारतात, कारण दर पायरीला भार शून्यापासून मोजला आहे. सरकणं नियंत्रित ठेवलेल्या प्रयोगाशी तुलना करायला बाहेरची कड घ्या: ज्या बिंदूचं सरकणं आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त, तेवढेच ठेवा. मूळ बिंदू पुसू नका. त्या कडेखालचं क्षेत्रफळ भागिले खाचेवरच्या शाबूत छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे फ्रॅक्चर एनर्जी. प्रयोगातल्या आकड्यात बीमच्या स्वतःच्या वजनाचं काम मिळवलेलं असतं. मॉडेलमध्ये वजन धरलं नसेल तर ते मिळवू नका.

तुटलेल्या दांड्यांना क्रमाप्रमाणे रंग द्या. कमाल भाराआधी सीमेच्या दांड्या नमुनाभर विखरून तुटलेल्या दिसल्या पाहिजेत. कमाल भाराच्या आसपास एक मार्ग पुढे सरसावतो, आणि नंतर त्या मार्गावर खड्यांभोवती शेजारी-शेजारी धावणारे, अजून न जुळलेले तडे राहतात. तेच पूल शेपटीतला भार वाहतात. सुरुवातीचे विखुरलेले तडे दिसतच नसतील तर सीमा फार मजबूत झाली आहे. एकही मॉर्टरची दांडी न तुटता सगळ्या सीमा सुटल्या तर ती फार कमकुवत आहे.

प्रयोगाच्या मानाने आलेख जवळजवळ नेहमीच जास्त ठिसूळ येतो. कारण हिशेबात दिसतं. ५ मेगापास्कलला तुटणाऱ्या, २५ गिगापास्कलच्या, १ मिमीच्या दांडीत छेदाच्या दर चौरस मीटरला साठलेली ऊर्जा ०.५ न्यूटन प्रति मीटर असते. आजूबाजूच्या दांड्यांतून सुटणारी ऊर्जा त्यात काही पट भर घालते, तरी साध्या काँक्रीटची फ्रॅक्चर एनर्जी १०० न्यूटन प्रति मीटरच्या आसपास असते. ४ मिमीखालचे दाणे आणि तिसरी मिती गाळल्यामुळे हरवलेलं वळण आणि घर्षण या फरकात आहे. उपाय दोन. एक, त्रिमितीत जाणं. पण १०० मिमीच्या घनात १ मिमीची जाळी म्हणजे सुमारे साठ लाख अज्ञात, म्हणून तिथे नमुना लहान किंवा जाळी भरड घ्यावी लागते. दुसरा, दांडी एकदम न काढता तिचा कडकपणा आणि ताकद चार-पाच पायऱ्यांत उतरवत नेणं. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि आधी तोच करून पाहावा.

याच हिशेबातून जाळीच्या मापाचं अवलंबन कळतं. दांडीत साठणारी ऊर्जा तिच्या लांबीच्या प्रमाणात असते. लांबी निम्मी केली आणि ताकद तीच ठेवली, तर नमुना आणखी ठिसूळ होतो. एकदम तुटणाऱ्या दांड्यांत तीच ऊर्जा राखायची तर ताकद १.४१ पट करावी लागते. पायऱ्यांनी उतरवत असाल तर उताराची लांबी अशी जुळवा की दर क्षेत्रफळाची ऊर्जा सारखी राहील.

एका मांडणीचा आलेख हा निकाल धरू नका. किमान दहा वेगवेगळी बीजं चालवा, सरासरी आणि पसारा दोन्ही द्या. आणि आकडे ज्या चाचणीवर जुळवले तीच चाचणी पुरावा म्हणून दाखवू नका: सरळ ताणावर जुळवा, मग एकही आकडा न बदलता खाचेच्या बीमवर किंवा दोन्ही बाजूंना खाचा असलेल्या, ताण आणि शिअर एकत्र दिलेल्या नमुन्यावर तपासा. नूरू-मोहम्मद यांचे १९९२ चे डेल्फ्टमधले २०० × २०० मिमी नमुने त्यासाठी फार उपयोगी आहेत, कारण तिथले वळणारे तडे जाळीचा पक्षपात लगेच उघडा पाडतात.

वजनासारखा कायमचा भार आणि त्यावर वाढणारा भार असेल तर सगळ्यालाच एका गुणकाने गुणू नका. दोन्ही भारांचं गणित वेगळं सोडवा आणि गुणक फक्त वाढत्या भाराच्या स्ट्रेसला लावून ताकद गाठा. दाबाखाली चिरडणं, बंद होणारे तडे आणि त्यांच्यावरचं घर्षण मात्र या रूपात येत नाही, कारण काढलेली दांडी पुन्हा टेकत नाही. तिथे संपर्क आणि घर्षण धरणारं कणांचं मॉडेल घ्यावं लागतं.